हरिपूरचे पेव आणि धनू राशीतला तारा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी एकतीस वर्षे किर्द-खतावणी लिहिली. या कामाची एक खोड अंगात मुरते आणि निवृत्तीनंतरही जात नाही. कुठेही खर्च पडलेला दिसला की त्याची जमा कोणत्या पानावर आहे हे सापडेपर्यंत जिवाला स्वस्थता लाभत नाही. माझ्या उमेदीच्या काळातल्या एका दिवाळीत वह्या बंद करण्यापूर्वी ताळा घेताना माझ्या लक्षात आले, की वखारीच्या शिलकीपेक्षा बेचाळीस पोती हळद जास्त विकली गेली आहे. माल कमी भरला असता तर चोरी, ओल किंवा तोलाईतली चूक अशी नेहमीची कारणे हाताशी होती. पण नसलेला माल विकला कसा गेला, याचे उत्तर वहीत कुठेच नव्हते. दोन रात्री मी आकडे उलटसुलट तपासले. तिसऱ्या दिवशी थोरल्या मालकांनी, ज्यांना आम्ही सगळे आण्णा म्हणत असू, पान लावता लावता सांगितले, "हरिपूरचं पेव काढलं की रे मागल्या महिन्यात. तुला सांगायचं राहिलंच."

हरिपूर सांगलीहून चार-पाच किलोमीटरवर, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमाशी आहे. तिथल्या जमिनीत हळद साठवण्याची पेवे पिढ्यान्‌पिढ्या होती. पुढच्या वेळी पेव उघडायचे ठरले तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो. वरून पाहिले तर मोकळे रान होते, दोन शेळ्या चरत होत्या, आणि खाली काही आहे याची खूण फक्त माहीतगाराला पटावी अशी होती. हमालांनी वरची माती ओढली, तोंडावरचा दगड सरकवला आणि सगळे बाजूला होऊन झाडाखाली विड्या ओढत बसले. बंद पेवातली हवा माणसाला धरते, म्हणून उघडल्या उघडल्या कोणी आत उतरत नाही. मी गुडघ्यांवर बसून तोंडाशी वाकलो. माणूस जेमतेम जाईल एवढे ते तोंड होते, आतले पोट मात्र खोलीएवढे पसरलेले होते, आणि तिथून हळदीचा कोरडा, उबट, नाकाला झोंबणारा वास वर येत होता. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आता शिकवण्यांच्या क्लासांना आणि पतसंस्थांना लावतात, पण तो ज्या कोणी प्रथम वापरला त्याने जमिनीत दडलेला साठा एकाएकी बाहेर पडताना नक्की पाहिला असला पाहिजे.

हे सगळे आठवायला कारण झाली ती २००५ च्या फेब्रुवारीतली एक बातमी. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बाजारभावांच्या शेजारी, ती चार बोटे रुंदीत आली होती. त्सुनामीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २७ डिसेंबर २००४ रोजी (आपल्या घड्याळाप्रमाणे २८ तारखेच्या पहाटे तीनच्या सुमारास) धनू राशीतल्या एका ताऱ्याकडून गॅमा किरणांचा, म्हणजे क्ष-किरणांहूनही जास्त ऊर्जेच्या प्रकाशाचा, असा काही लोट आला, की अवकाशातल्या बहुतेक यानांचे मापक क्षणभर आंधळे झाले. एसजीआर १८०६-२० असे त्या ताऱ्याचे रुक्ष नाव होते. मुख्य झोत सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढाच टिकला, पण तेवढ्यात सूर्य सुमारे लाख वर्षांत जेवढी ऊर्जा देतो तेवढी बाहेर पडली. पृथ्वीच्या वातावरणाचा अगदी वरचा, विद्युतभारित थर त्या झोताने हलला. एक रशियन उपग्रह त्या वेळी पृथ्वीच्या आडोशाला होता, त्यामुळे त्याला थेट झोत दिसला नाही. त्याला दिसला तो चंद्रावर आपटून परत आलेला कवडसा. त्या दिवसांत यार्डातल्या चहाच्या टपरीवर, या ताऱ्यामुळेच समुद्र खवळला, असेही कोणीतरी सांगितले होते. भूकंप २६ तारखेच्या सकाळचा आणि किरण त्यानंतर जवळपास पंचेचाळीस तासांनी आलेले, म्हणजे पावतीच्या आधी माल उचलल्यासारखी ही नोंद. ती कोणत्याही वहीत बसणारी नव्हती.

मी ते कात्रण घरखर्चाच्या वहीत ठेवले, आणि माझी जुनी खोड जागी झाली. खर्च तर पडला होता. मग जमा कुठे होती?

गॅमा किरणांचे स्फोट ही गोष्ट तशी नवी नव्हती. १९६३ साली अणुचाचण्यांवर निर्बंध घालणारा करार झाल्यावर, कोणी चोरून अंतराळात बाँब फोडतो का हे पाहण्यासाठी अमेरिकेने व्हेला नावाचे उपग्रह सोडले होते, आणि २ जुलै १९६७ रोजी त्यांनी टिपलेला झोत ना पृथ्वीचा निघाला ना सूर्याचा. हे जगाला कळले ते १९७३ मध्ये. आज असे स्फोट सरासरी दिवसाला एक या प्रमाणात नोंदले जातात, आणि त्यांचा उगमही बराचसा समजला आहे: प्रचंड वस्तुमानाचा तारा आपल्याच भाराने ढासळतो, किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळतात. दोन्ही प्रकारांत मूळ वस्तू उरत नाही, म्हणून तिथून दुसरा स्फोट कधी येत नाही. वहीच्या भाषेत सांगायचे तर ते खाते शेवटची मोठी रक्कम नावे टाकून कायमचे बंद होते, आणि बंद खात्याचा हिशेब त्या मानाने सोपा असतो, कारण मालकाने सगळे विकून टाकले एवढे कळले की पुरते.

धनू राशीतल्या ताऱ्याचे खाते मात्र चालू होते. त्याच्याकडून पहिला झोत आला होता ७ जानेवारी १९७९ ला, आणि पुढच्या सात-आठ वर्षांत त्याच जागेवरून शंभरावर छोटे स्फोट नोंदले गेले होते. एकदा फुटल्यावर जो संपत नाही आणि पुन्हा फुटतो, त्याच्याकडे साठा असला पाहिजे. तो एका खेपेत रिकामा होत नाही एवढा मोठा असला पाहिजे, आणि तो बाहेरून दिसत नाही अशा जागी असला पाहिजे. मला हा विचार बेचाळीस पोत्यांमुळे सुचला. शास्त्रज्ञांना तो त्याआधीच सुचला होता हे उघड आहे, पण तिथवर पोहोचायला त्यांनाही तेरा-चौदा वर्षे लागली, हे वाचून मला थोडे बरे वाटले.

त्या तेरा वर्षांची सुरुवात ५ मार्च १९७९ ला झाली. शुक्रावर आपापली अवतरक याने सोडून सोव्हिएत व्हेनेरा ११ आणि १२ सूर्याभोवती भटकत होती. त्यांच्यावरचे मापक सेकंदाला शंभरेक कण मोजत असताना एका मिलिसेकंदाच्या आत दोन लाखांच्या पलीकडे गेले. मग तोच लोट सूर्याजवळच्या हेलिओस २ ला, शुक्राभोवतीच्या पायोनियर यानाला आणि शेवटी पृथ्वीजवळच्या उपग्रहांना धुऊन गेला. कोणाला किती सेकंद उशिरा पोहोचला यावरून तो कुठून आला हे काढता आले, आणि बोट गेले ते थेट आकाशगंगेबाहेर, मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या एका मृत ताऱ्याच्या अवशेषांवर. तो मेघ आपल्याकडून दक्षिण क्षितिजाला जेमतेम टेकलेला दिसतो आणि सुमारे एक लाख साठ हजार प्रकाशवर्षे दूर आहे. पहिल्या झोतामागोमाग तीन मिनिटे एक मंद शेपूट चालू राहिले, आणि त्या शेपटात दर आठ सेकंदांनी चढ-उतार होत होता, म्हणजे काहीतरी आठ सेकंदांत एक गिरकी घेत होते. दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरून पुन्हा एक छोटा स्फोट आला. त्याच महिन्यात गरुड तारकासमूहातूनही असेच पुन:पुन्हा येणारे झोत सापडले. नेहमीच्या गॅमा स्फोटांपेक्षा या छोट्या स्फोटांतल्या किरणांची ऊर्जा कमी भरत असल्याने त्यांना 'मृदू गॅमा पुनरावर्तक' म्हटले जाऊ लागले. एसजीआर ही अक्षरे त्याच्याच इंग्रजी नावाची, 'सॉफ्ट गॅमा रिपीटर'ची, आहेत.

गिरकी घेणारी ही वस्तू म्हणजे न्यूट्रॉन तारा. सूर्याच्या कितीतरी पट वजनाचा तारा सुपरनोव्हा होऊन फुटतो तेव्हा त्याचा गाभा इतका चेपला जातो, की सूर्याच्या दीडपट वस्तुमान वीस-बावीस किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात मावते. सांगलीहून कुरुंदवाड सरळ रेषेत जेवढे दूर आहे तेवढाच हा गोळा. चमचाभर पदार्थाचे वजन कोट्यवधी टनांत जाईल. कुरुंदवाड मी उगीच घेतलेले नाही. खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म १९५६ साली तिथला. फिरता फिरता ठरावीक लयीत लहरींचे ठोके पाठवणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याला पल्सार म्हणतात; १९८२ साली सेकंदाला ६४२ गिरक्या घेणारा पहिला मिलिसेकंद पल्सार शोधणाऱ्यांत ते होते, आणि १९९३ साली डेल फ्रेल यांच्याबरोबर त्यांनी रेडिओ दुर्बिणीतून दाखवले, की धनू राशीतला आपला पुनरावर्तक एका सुपरनोव्हाच्या अवशेषावर बसलेला दिसतो. पुढे मोजमाप बारीक झाल्यावर त्या जागेची नोंद दुरुस्त झाली आणि हा तारा तरुण, अजस्र ताऱ्यांच्या एका पुंजक्यात सापडला. पण अलीकडेच मेलेल्या मोठ्या ताऱ्याचे हे अपत्य आहे, हा मूळ अंदाज त्याने पक्काच झाला. २००४ च्या महास्फोटानंतर तिथून रेडिओ लहरी येऊ लागल्या, तेव्हा त्या टिपणाऱ्या दुर्बिणींत नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटीही होती, आणि त्या शोधनिबंधावरही कुलकर्णींचे नाव आहे. नरसोबाच्या वाडीला जाताना नदीपलीकडे कुरुंदवाडचा घाट दिसतो, तेव्हा मला अलीकडे हटकून हेच आठवते.

आता जमेची बाजू. न्यूट्रॉन ताऱ्याकडे पैसे येण्याचे दोन मार्ग आधीपासून माहीत होते. पहिला मार्ग शेजाऱ्याच्या जिवावर जगण्याचा: जोडीदार ताऱ्यातला वायू ओढून घ्यायचा, तो पृष्ठावर कोसळला की क्ष-किरण निघतात. पण या उत्पन्नाला एक नैसर्गिक कमाल मर्यादा असते, कारण प्रकाश ठरावीक पातळीपलीकडे गेला की तोच येणाऱ्या वायूला बाहेर ढकलतो, जसा पुराचा लोंढा ओढ्याला मागे लोटतो. पुनरावर्तकांचे साधे, रोजचे स्फोटसुद्धा या मर्यादेच्या हजारपट होते, आणि महास्फोट तर कोटीपटींच्या घरात. शिवाय शेजारी कोणी दिसतच नव्हता. तो मार्ग खोडला गेला.

दुसरा मार्ग स्वतःची गिरकी मोडून खाण्याचा. साधे पल्सार असेच जगतात: फिरता फिरता हळूहळू मंदावतात आणि त्या घसाऱ्यावर त्यांचा दिवा जळतो. इथे मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, कारण हा हिशेब शाळेतल्या पदार्थविज्ञानाने होतो. साडेसात सेकंदांत एक गिरकी घेणाऱ्या अशा गोळ्याची फिरण्याची सगळीच्या सगळी ऊर्जा जमेस धरली, तरी २००४ च्या त्या पाचव्या हिश्शाच्या सेकंदातला खर्च तिच्या कितीतरी पट भरतो. आणि गंमत अशी, की स्फोटानंतरही ताऱ्याची गिरकी जवळपास तेवढीच राहिली. घरातली तिजोरी उघडलीच नाही आणि तिजोरीत मावणार नाही एवढी रक्कम वाटली गेली, असा हा प्रकार होता. (बातमीत ताऱ्याचे अंतर पन्नास हजार प्रकाशवर्षे दिले होते, पुढे ते सुमारे अठ्ठावीस हजारांवर आले. अंतर निम्मे झाले की खर्चाचा अंदाज चौथाईवर येतो. मी तोही फरक लावून पाहिला. ताळा तरीही जमला नाही.)

हे वहीत न लिहिलेले पेव रॉबर्ट डंकन आणि ख्रिस्तोफर थॉम्पसन या दोघांनी १९९२ साली कागदावर मांडले. त्यांचे म्हणणे असे, की काही न्यूट्रॉन तारे गिरकीवर नाही तर आपल्या चुंबकत्वावर जगतात. या ताऱ्यांना त्यांनी मॅग्नेटार हे नाव दिले. किती चुंबकत्व, याची कल्पना यायला मला मिरजेला जावे लागले. कंबरेच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितला होता. आत जाण्यापूर्वी तिथल्या मुलाने घड्याळ, किल्ल्या, करगोट्यातली तांब्याची पेटी असे सगळे काढून ठेवायला लावले आणि वर विचारले, "आजोबा, अंगात कुठं स्क्रू-बिक्रू बसवलाय काय?" चुंबकत्व गॉसमध्ये मोजतात, आणि ते यंत्र पंधरा हजार गॉसचे होते. आपल्या पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास आहे. साध्या पल्सारचे लाख कोटी गॉस, आणि मॅग्नेटारचे त्याच्याही शंभर ते हजारपट. तिथे अणूंचे इलेक्ट्रॉनी वेष्टन चेपून अणू सुईसारखे लांबट होतात. त्या क्षेत्रात साठलेली ऊर्जा मोजली तर एक महास्फोट ही त्यातली किरकोळ उचल ठरते. आणि पृष्ठाखाली, पोटात, क्षेत्र आणखी दसपट असल्याचा अंदाज धरला तर असे शेकडो स्फोट त्यातून भागतात. तोंड अरुंद आणि पोट मोठे, हे आण्णांच्या पेवाचे वर्णन इथे अक्षरशः लागू पडते.

पण कागदावरचे पेव आणि उघडलेले पेव यांत फरक असतो. ते उघडून दाखवले क्रिसा कुव्हेलिओटू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९९८ मध्ये. एसजीआर १८०६-२० ची गिरकी ७.४७ सेकंदांची आहे हे त्यांना सापडले. मग तीन वर्षे जुन्या मोजमापांशी तुलना करून ती वर्षाला सुमारे २.६ मिलिसेकंदांनी लांबते आहे हेही सापडले. हा घसारा फार वेगवान होता. फिरणाऱ्या चुंबकाला असा ब्रेक लागायचा तर त्याचे क्षेत्र सुमारे आठशे लाख कोटी गॉस असले पाहिजे. त्याच वर्षी २७ ऑगस्टला गरुडातल्या दुसऱ्या पुनरावर्तकाने महास्फोट केला. त्याने पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूचा विद्युतभारित थर काही मिनिटे दिवसासारखा करून टाकला, आणि मग मॅग्नेटार या शब्दावर हसणारे फारसे कोणी उरले नाही.

पेव भरले कोणी, हा त्याच्या मागचा प्रश्न. तारा आकसताना त्याचे मूळ चुंबकत्वही दाटते, हे खरे. पण डंकन-थॉम्पसन यांच्या मते खरा माल भरला जातो तो जन्मानंतरच्या पहिल्या दहाएक सेकंदांत. नवजात न्यूट्रॉन तारा सेकंदाला शेकडो गिरक्या घेत असेल आणि त्याचे पोट उकळत्या काकवीसारखे ढवळत असेल, तर ते ढवळणे आणि फिरणे मिळून डायनामोसारखे क्षेत्र वाढवत नेतात. ज्यांची जन्मतःची गिरकी मंद, ते साधे पल्सार होतात. दुसरा पक्ष म्हणतो, की काही तारे जिवंतपणीच कडक चुंबक असतात आणि मरताना तोच वारसा ठेवून जातात. २०२३ साली एचडी ४५१६६ या जोडताऱ्यातल्या एका हेलियमच्या ताऱ्याचे क्षेत्र ४३ हजार गॉस भरले, आणि तो ढासळेल तेव्हा मॅग्नेटारच होईल असे त्याच्या अभ्यासकांनी लिहिले. मला व्यक्तिशः दोन्ही पक्ष खरे वाटतात. यार्डातही काही पेढ्या वडिलार्जित असतात आणि काही एका तेजीत उभ्या राहतात. मालाच्या वासावरून त्यातला फरक कळत नाही.

आणि साठा बाहेर येतो कसा, याचे उत्तर मात्र मला कोयनेच्या वाटेने समजले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चारच्या पुढे, आमच्या गावभागातल्या घरात फडताळावरची पितळी भांडी एकापाठोपाठ एक जमिनीवर आली. मी नऊ वर्षांचा होतो. आईने आम्हा भावंडांना घोंगडीसकट उचलून अंगणात आणले, आणि आजी तुळशीजवळ हात जोडून एकसारखे "पुन्हा नको, पुन्हा नको" म्हणत होती. पुन्हा होतच राहिले. तिकडे कोयनानगरात दीडशेहून अधिक माणसे गेली, आणि आमच्याकडे कित्येक आठवडे रात्री कपबशा वाजत. आता वाचताना मौज वाटते, की पहिला गॅमा स्फोट त्याच वर्षीच्या जुलैचा, जोसलिन बेल यांचा पहिला पल्सार पक्का झाला तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरअखेर, आणि आजीचे "पुन्हा नको" त्यानंतर दोनच आठवड्यांनी.

कोयना परिसरात तेव्हापासून आजवर हजारो धक्के बसले. ते वीस किलोमीटर रुंद आणि तीस किलोमीटर लांब एवढ्याशा पट्ट्यात बसतात, आणि त्यांची मांडणी सगळ्या भूकंपांसारखीच असते: बारीक असंख्य, मध्यम मोजके, मोठा एखादाच. धक्क्याचा आकार जसा वाढतो तशी त्यांची संख्या एका ठरावीक प्रमाणात घटते. १९९६ साली काही संशोधकांनी एसजीआर १८०६-२० चे शंभराहून अधिक स्फोट याच फुटपट्टीने मोजले आणि तेही त्याच प्रमाणात पडलेले निघाले. एका स्फोटावरून पुढचा केव्हा आणि केवढा येईल हे सांगता येत नव्हते, हेही भूकंपासारखेच. न्यूट्रॉन ताऱ्याला साधारण किलोमीटरभर जाडीचे, स्फटिकासारखे घट्ट कवच असते. पोटातले क्षेत्र पिळत जाते आणि कवचाला ओढत राहते. कवच सोसते तोवर सोसते. मग कुठेतरी कडकन सरकते, बाहेरच्या चुंबकरेषा झटका खाऊन तुटतात आणि नव्याने जुळतात, आणि इलेक्ट्रॉन, पॉझिट्रॉन व प्रकाश यांचा तापलेला गोळा त्या रेषांच्या जाळ्यात अडकून राहतो. शेपटीतल्या तीन-चारशे सेकंदांत दिसते ते याच गोळ्याचे विरत जाणे. कवच आधी मोडते की सूर्यावरच्या ज्वाळांप्रमाणे रेषाच आधी तुटतात, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पण २००४ च्या शेपटीत सेकंदाला १८, ३० आणि ९२ वेळा होणारी थरथर सापडली. भूकंपानंतर पृथ्वी घंटेसारखी निनादते, तसा तारा निनादत असावा असा तिचा अर्थ लावला गेला. आमच्या कपबशा वाजत होत्या, तशीच ही.

ते कात्रण मात्र फार काळ टिकले नाही. त्याच २००५ सालच्या पुरात कृष्णेचे पाणी आमच्या तळघराच्या पायऱ्या चढून माजघरात आले, घरखर्चाची वही भिजून तिचा लगदा झाला, आणि हरिपूरच्या पेवांतही पाणी शिरले. त्यांतली बरीच पुन्हा वापरात आली नाहीत. आण्णांचे पेवही तेव्हाच गेले. आत राहिलेली हळद कुजून कितीतरी दिवस त्या बाजूने जाताना नाकाला रुमाल लावावा लागे.

मॅग्नेटार पुन्हा माझ्या आयुष्यात आला तो टाळेबंदीत. २०२० च्या एप्रिलमध्ये बाजार बंद, रस्ता बंद, आणि मी गच्चीवर बसून मोबाईलवर मिळेल ते वाचत होतो. गेली तेरा वर्षे खगोलशास्त्रज्ञांना आणखी एका बेहिशेबी खर्चाने छळले होते: दूरच्या दीर्घिकांतून मिलिसेकंदभर येणारे रेडिओ लहरींचे प्रखर स्फोट. २८ एप्रिलला, आपल्याकडे संध्याकाळचे आठ वाजले असताना, तसाच स्फोट पहिल्यांदा आपल्या आकाशगंगेतून आला, आणि तो जंबूक तारकासमूहातल्या एसजीआर १९३५+२१५४ या मॅग्नेटारचा होता. त्याच क्षणी त्याने क्ष-किरणही सोडले होते. कॅनडातल्या मोठ्या दुर्बिणीने तो टिपलाच, पण अमेरिकेत मांडलेल्या स्टेअर-२ नावाच्या, अगदी छोट्या अँटेनांच्या जोडणीनेही टिपला. आणि तिच्या निबंधावर पुन्हा तेच, कुरुंदवाडचे नाव. त्याच महिन्याच्या १५ तारखेला सव्वाकोटीच्या आत-बाहेर प्रकाशवर्षांवरच्या शिल्पकारातल्या दीर्घिकेतून आलेला एक आखूड गॅमा स्फोटही मॅग्नेटारचाच महास्फोट ठरला. १५ नोव्हेंबर २०२३ ला सप्तर्षीतल्या एम-८२ दीर्घिकेतून तसाच आणखी एक आला. इतक्या लांबून शेपूट दिसत नाही, फक्त पहिला झोत दिसतो, म्हणजे एकदाच फुटून संपलेल्यांच्या यादीत काही चालू खाती चुकून बसली आहेत. ती आता एकेक करून वेगळी काढण्याचे काम चालू आहे. हे काम मला आवडले असते.

सगळ्यात अलीकडची दुरुस्ती २०२५ ची आहे. २००४ च्या महास्फोटानंतर दहाएक मिनिटांनी त्याच ताऱ्याकडून गॅमा किरणांची एक दुसरी, मंद लाट आली होती. इंटिग्रल उपग्रहाने ती तेव्हाच टिपली होती आणि तिला स्फोटाच्या मागाहून उरलेली धग समजून तशी नोंद पडली होती. अनिरुद्ध पटेल आणि ब्रायन मेट्झगर यांच्या गटाने दाखवले, की ही लाट नुकत्याच घडलेल्या जड, किरणोत्सारी अणूंच्या विघटनाची आहे. स्फोटाने कवचाचा काही भाग उडवला, त्यातले न्यूट्रॉन भराभर अणूंवर चिकटत गेले, आणि सोने-प्लॅटिनमच्या जातीची मूलद्रव्ये तयार झाली. या एका स्फोटात अशा मूलद्रव्यांचा साधारण एक तृतीयांश पृथ्वीएवढा ऐवज निघाला असावा, आणि आकाशगंगेतल्या अशा जड मूलद्रव्यांपैकी १ ते १० टक्के मॅग्नेटारांकडून आली असावीत, असा त्यांचा अंदाज आहे. नोंद वीस वर्षे वहीत होती, फक्त चुकीच्या खात्यावर पडली होती.

ही बातमी मी माझ्या एका वर्गमित्राला सांगितली. तो विट्याजवळचा, खानापूर-आटपाडीकडच्या पुष्कळांसारखा गलाईच्या धंद्यात गेलेला, चाळीस वर्षे कोइमतूरला सराफांच्या दुकानातली झाडलोट विकत घेऊन, ती जाळून, गाळून, त्यातले सोने वेगळे करणारा. आता तोही गावी परतला आहे. त्याच्या हाताच्या रेषांत अजून आम्लाचे डाग आहेत. सोने ताऱ्यात होते हे त्याला नवे नव्हते. त्याचा प्रश्न वेगळाच निघाला.

"एवढा माल उडाला म्हणतोस, तर ताऱ्याची घट किती पडली?"

घट म्हणजे गलाईत आटणीनंतर वजनाला येणारी तूट. त्या धंद्याचा सारा नफा-तोटा तिच्यावर असतो. मी आकडेमोड करून सांगितले: ताऱ्याच्या वस्तुमानात साधारण चौदा लाखांत एक.

"चौदा लाखांत एक," तो म्हणाला. "आमच्याकडं एवढी घट काट्याला कळतसुद्धा नाही." मग त्याने चष्मा काढून पुसला आणि विचारले, "बरं, परत कधी फुटणार म्हणतात?"

मी त्याला तीन तारखा सांगितल्या: ५ मार्च १९७९, २७ ऑगस्ट १९९८, २७ डिसेंबर २००४. त्याने त्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून घेतल्या आणि मधली वर्षे मोजायला लागला. मला त्याला थांबवावे लागले, कारण त्या तिन्ही तारखा तीन वेगवेगळ्या ताऱ्यांच्या आहेत, आणि यांतल्या एकाही ताऱ्याचा दुसरा महास्फोट अजून कोणी पाहिलेला नाही.